एन्लार्जरची काच आणि कापसाची डोमकळी

बीड, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई, परळी. यांतल्या कुठल्याही गावच्या जुन्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओला दोन खोल्या असायच्या. पुढची रंगवलेल्या पडद्याची, मागची अंधारी. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बसायचं आणि खरं काम मागच्या खोलीत चालायचं. तिथला सगळ्यात किमती ऐवज म्हणजे एन्लार्जर. लोखंडी खांबावर वर-खाली सरकणारी दिव्याची पेटी, पेटीखाली निगेटिव्ह धरायची चौकट आणि चौकटीखाली लिंबाएवढी एक लेन्स. दिवा लागला की निगेटिव्हमधला नखाएवढा चेहरा खालच्या ब्रोमाईड कागदावर वीतभर व्हायचा. डेव्हलपरच्या ट्रेमधून हायपोत, हायपोतून पाण्यात आणि मग दोरीवर वाळत.

या यंत्रानं आपल्या भागात मोठं सामाजिक काम केलं आहे. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की त्याचा फोटो शोधला जायचा. मिळायचा तो बहुधा लग्नाच्या ग्रुपमधला, मागच्या रांगेतला, नाहीतर कुठल्याशा सरकारी कामासाठी काढलेला पासपोर्ट साइज. स्टुडिओवाला त्याची कॉपी काढायचा, निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटचिंग करायचा आणि बारा बाय पंधराचा मोठा फोटो करून द्यायचा. आजही गावोगावच्या बैठकीत हार घातलेले जे काळेपांढरे चेहरे दिसतात, त्यांतले बहुतेक अशा एखाद्या छोट्या लेन्समधून गेलेले आहेत.

रंगीत लॅब आल्या, मग डिजिटल आलं, आणि अंधारी खोली स्टेशनरीचं गोदाम झाली. एन्लार्जर कोपऱ्यात गेला, तिथून माळ्यावर आणि माळ्यावरून भंगारात. भंगारवाला खांब वजनावर घेतो. त्या खांबाबरोबर जी लेन्स जाते, तिच्याबद्दल हा लेख आहे. माझं म्हणणं सरळ आहे. ती लेन्स निकामी झालेली नाही. फिल्म कॅमेऱ्यापुढे बसवली तर ती जवळच्या, बारीक गोष्टींचं छायाचित्रण इतक्या उत्तम प्रकारे करते की त्याच कामाच्या महागड्या मॅक्रो लेन्सची उणीव भासू नये. आणि ज्या जिल्ह्याचं नशीब अर्ध्या मिलिमीटरच्या अंड्यातून निघणाऱ्या अळीवर ठरतं, त्या जिल्ह्याला बारीक गोष्टी नीट पाहण्याची गरज इतर कुणाहूनही जास्त आहे.

सपाटाची सवय असलेली काच

कॅमेऱ्याची नेहमीची लेन्स दूरचं पाहण्यासाठी घडवलेली असते. डोंगर, माणसं, रस्ता. तिच्या आतल्या काचांची वक्रता, त्यांच्यातलं अंतर, सगळा हिशोब लांबून येणारे किरण गृहीत धरून केलेला असतो. तीच लेन्स फुलाच्या अगदी जवळ नेली की हिशोब कोलमडतो. मधला भाग स्पष्ट येतो, कडा विरघळतात, काळ्यापांढऱ्याच्या सीमेवर रंगाची झालर दिसू लागते.

एन्लार्जरच्या लेन्सचं आयुष्य वेगळं. तिच्या एका बाजूला हातभर अंतरावर सपाट कागद, दुसऱ्या बाजूला बोटभर अंतरावर सपाट निगेटिव्ह. दूरचं पाहायची तिला वेळच आली नाही. कागदाच्या चारही कोपऱ्यांत निगेटिव्हमधला कण न् कण मधल्याइतकाच धारदार यायला हवा, सरळ रेघ सरळच राहायला हवी, ही तिच्याकडून पहिली अपेक्षा. निकॉनच्या ५० मिलिमीटर एफ/२.८ एल-निक्कोरचं उदाहरण घ्या. ती दोनपटीपासून वीसपटीपर्यंत मोठं करण्यासाठी आखलेली आणि आठपटीला सर्वांत उत्तम. पस्तीस मिलिमीटर फिल्मची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची. तिच्यावरून आठ बाय दहा इंचांचा फोटो करायचा तर साधारण आठ-साडेआठपटच मोठं करावं लागतं. म्हणजे स्टुडिओत जे माप रोज लागायचं, तेच गृहीत धरून काच घासलेली आहे.

जर्मनीच्या क्रॉइत्सनाख गावच्या श्नायडर कंपनीची कॉम्पोनॉन, म्युनिकच्या रोडेनस्टॉकची रोडागॉन, लाइट्झची फोकोटार, चेकोस्लोव्हाकियातल्या प्रेरोव्हच्या मेओप्टाच्या लेन्स, रशियन इंडस्टार आणि वेगा ही या घराण्यातली आणखी काही नावं. यांतल्या चार भिंगांच्या लेन्स साध्या आणि स्वस्त, सहा भिंगांच्या अधिक नेमक्या. माळ्यावरचा एन्लार्जर हाती लागला तर आधी लेन्सच्या कडेवरचं नाव वाचावं. जानेवारी २००६मध्ये निकॉननं बहुतेक फिल्म कॅमेऱ्यांबरोबर एन्लार्जर लेन्स बनवणंही थांबवत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा जे आहे ते जपण्यालाच आता अर्थ आहे.

ही लेन्स कॅमेऱ्याला बसते कशी, याचं उत्तर इतिहासात आहे. लाइट्झ कंपनीनं १९२५ साली लायका हा छोटा कॅमेरा बाजारात आणला. निगेटिव्ह छोटी, म्हणून मोठं करण्याचं यंत्र आलंच. पुढे लायकाची लेन्स कॅमेऱ्यातून काढता येऊ लागली, तेव्हा लायका एन्लार्जरला वेगळी लेन्स घ्यावी लागत नसे. दिवसा फोटो काढायचे आणि रात्री कॅमेऱ्याचीच लेन्स काढून एन्लार्जरला फिरवून बसवायची. तिचे आटे ३९ मिलिमीटर व्यासाचे. पुढे जगभरच्या बहुतेक छोट्या एन्लार्जर लेन्सनी तेच आटे उचलले. म्हणून आज ३९ ते ४२ मिलिमीटरची एक साधी पितळी किंवा ॲल्युमिनियमची रिंग घेतली की ती लेन्स झेनिट, प्राक्टिका, पेंटॅक्स स्पॉटमॅटिक अशा ४२ मिलिमीटर आट्यांच्या जुन्या कॅमेऱ्यांशी जोडता येते. निकॉनसारख्या बायोनेटच्या कॅमेऱ्यांना त्यांची त्यांची रिंग मिळते. एके काळी कॅमेऱ्याची लेन्स अंधाऱ्या खोलीत जात होती. आता अंधाऱ्या खोलीतली लेन्स उजेडात येऊ शकते.

बेलोज, हिशोब आणि उलटी लेन्स

या लेन्सला फोकस करायची स्वतःची रिंग नसते, कारण एन्लार्जरमध्ये ते काम यंत्र करायचं. म्हणून कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बेलोज लागतो, म्हणजे काळ्या कापडाचा किंवा चामड्याचा सरकता भाता. बेलोज नसेल तर एकात एक बसणाऱ्या नळ्या चालतात.

हिशोब शाळेतल्या गणिताचाच आहे. वस्तू फिल्मवर आहे तेवढीच उमटवायची, म्हणजे एकास एक, तर लेन्स फिल्मपासून फोकल लेंथच्या दुप्पट अंतरावर हवी. ५० मिलिमीटरच्या लेन्सला १००, ७५च्या लेन्सला १५०. चारपट मोठं हवं तर फोकल लेंथच्या पाचपट, म्हणजे ५०च्या लेन्सला पाव मीटर. त्याच वेळी वस्तू लेन्सच्या आणखी जवळ येत जाते. म्हणून हलणाऱ्या किड्यांसाठी ७५ किंवा ८० मिलिमीटरची लेन्स बरी. किड्यापासून थोडं लांब राहता येतं, त्याच्यावर आपली सावली पडत नाही.

लेन्स पुढे सरकली की फिल्मवर पोचणारा उजेड कमी होतो. पटीत एक मिळवून वर्ग करायचा. एकास एकला चौपट उजेड लागतो, चारपटीला पंचवीसपट. ज्या कॅमेऱ्यात लेन्समधून येणारा उजेड मोजणारा मीटर आहे तो हे आपोआप सांभाळतो. हातातला मीटर वापरणाऱ्यानं हा गुणाकार पाठच करावा.

आता या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा मुद्दा. एन्लार्जरमध्ये लेन्सची आट्यांची बाजू लहानशा निगेटिव्हकडे असते आणि पुढची बाजू मोठ्या कागदाकडे. काचेचं शास्त्र त्या दिशेनंच जमवलेलं असतं. आपण पान किंवा फूल फिल्मवर लहान करून उतरवत असू, तर लेन्स सरळ लावावी. मोठी गोष्ट पुढे, लहान फिल्म मागे. पण अळीचं डोकं फिल्मवर चारपट करायचं असेल तर प्रकरण उलटतं. आता लहान आहे ती अळी आणि मोठी आहे ती फिल्म. म्हणजे अळी निगेटिव्हच्या जागी आली आणि फिल्म कागदाच्या. अशा वेळी लेन्स उलटी करून, पुढच्या फिल्टरच्या आट्यांवर रिंग चढवून बेलोजला लावायची. उलटवण्याआधीची आणि नंतरची फ्रेम शेजारी ठेवून पाहिली की कोपऱ्यातले केस वेगवेगळे मोजता येतात. हा फरक पाहिल्यावर दुसऱ्या पुराव्याची गरज राहत नाही.

स्पष्टतेच्या खोलीचं गणितही ध्यानात ठेवायला हवं. एकास एकला, एफ/८वर, स्पष्ट दिसणारा थर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. चारपटीला, एफ/४वर, तो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ होतो. ॲपर्चर आणखी लहान करून जाडी वाढवायचा मोह होतो. पण बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो आणि सगळंच चित्र मऊ पडतं. एकास एकला एफ/८, तीन-चारपटीला एफ/४ किंवा एफ/५.६, याच्या पलीकडे जाऊन हाती काही लागत नाही. बाकी थर कुठे पडावा हे ठरवणं, हीच या कामातली कला. अळीचा डोळा आणि पाकळीची कड एकाच प्रतलात आणण्यासाठी कॅमेरा किंचित तिरपा करायचा, काडीनं पाकळी केसभर सरकवायची.

जुनी लेन्स घेताना टॉर्च लावून आरपार पाहावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. कोकणापेक्षा आपल्या कोरड्या हवेत ती कमी होते, पण पावसाळ्यात बंद ट्रंकेत राहिलेल्या लेन्सला होतेच. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नसावं, टकटक करत फिरणारी रिंग अडकू नये. आणखी एक गोष्ट जुन्या डार्करूमवाल्यांनाच ठाऊक असते. नंतरच्या काळातल्या अनेक लेन्सच्या अंगावर एक छोटी खिडकी असते. एन्लार्जरचा उजेड तिच्यातून ॲपर्चरच्या आकड्यांवर पडायचा, अंधारात आकडा वाचता यावा म्हणून. कॅमेऱ्यावर लावल्यावर याच खिडकीतून बाहेरचं ऊन आत शिरतं आणि फिल्मवर धुरकट पडदा चढतो. काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा त्यावर लावला की काम भागतं.

डोमकळीच्या आत

बीड जिल्ह्यात कापूस हे नगदी पीक आहे आणि गुलाबी बोंडअळी हा त्याचा वैरी. २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात या अळीनं जे केलं ते इथल्या घराघरात आठवतं. बोंडअळीला अटकाव करणारं बीटी कापसाचं वाण २००२ साली देशात आलं, २००६ साली दोन जनुकांचं आलं, आणि पुढे गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली. तिचा कावा असा की ती आत राहते. पतंग पात्यावर, फुलावर, कोवळ्या बोंडावर अर्ध्या मिलिमीटरची अंडी घालतो. चार-पाच दिवसांत अळी निघते, बोंडात शिरते आणि शिरल्याचं छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड ठणठणीत दिसतं. वेचणीला आल्यावर कळतं की आत सरकी खाल्लेली आहे आणि कापूस डागाळलेला.

बाहेरून दिसणारी एक खूण मात्र ती फुलोऱ्यात सोडते. फुलात शिरलेली अळी आपल्या लाळेच्या धाग्यानं पाकळ्या आतून बांधते. फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं वळलेलं राहतं. हीच डोमकळी. कृषी विभाग सांगतो, डोमकळ्या तोडून नष्ट करा, दहा टक्के फुलं किंवा बोंडं बाधित दिसली किंवा कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर फवारणीचा निर्णय घ्या, आणि हंगाम संपल्यावर फरदड, म्हणजे तीच झाडं राखून घेतलेलं पुढचं पीक, ठेवू नका. सल्ला पक्का आहे. पण ज्याला डोमकळी ओळखूच आली नाही त्याला त्याचा उपयोग नाही. निंदणाऱ्या बायांची नजर या कामात तयार असते. चालता चालता, टोकाचा पीळ पाहून, त्या डोमकळी खुडतात. नव्या माणसाला तीच दहा रोपांत एकही दिसत नाही.

तोडायचीच आहे तर तोडलेल्या डोमकळीचा फोटो काढायला हरकत कसली? वाऱ्यानं हलणारं झाडही आड येत नाही. ऑगस्टमधल्या एका सकाळी मी अशीच एक डोमकळी घेऊन ओसरीवर मांडामांड केली. स्टुलावर काळा कागद, त्यावर ओल्या कापसात खोचलेलं देठ, एका बाजूनं अंगणातला पसरलेला उजेड, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या कागदाची घडी. ५० मिलिमीटरची लेन्स, बेलोज शंभरावर, शंभर आयएसओची काळीपांढरी फिल्म. मीटरनं एफ/८ला साठांश सेकंद दाखवलं, चौपट करून पंधरांश घेतला. आरसा आधी वर उचलून, केबल रिलीजनं.

सुईनं पाकळी उघडताना पहिल्यांदा दिसतात ते धागे. इतके बारीक की ओसरीवर डोळ्यांना ते दिसलेच नव्हते. व्ह्यूफाइंडरमध्ये ते पाकळीच्या कडेला टाके घातल्यासारखे ओळीनं आहेत. मग पुंकेसरांची गर्दी. काही परागकोश भरलेले, गोल, काही अर्धे कुरतडलेले. त्यांच्या मुळाशी विष्ठेचे कण. आणि या सगळ्याच्या आड अळी, अजून पांढुरकी, डोकं गडद तपकिरी. गुलाबी रंग तिला वाढताना चढतो, म्हणून लहानपणी ती आपल्या नावाशी जुळत नाही आणि शेतकऱ्याला फसवते. पुढच्या फ्रेमसाठी लेन्स उलटी केली आणि बेलोज ताणला. चारपटीला पूर्ण फ्रेममध्ये फक्त सहा बाय नऊ मिलिमीटरची जागा मावते. त्यात होतं अळीचं डोकं आणि तिच्या तोंडाशी कुरतडलेला एकच परागकोश. एफ/४वर उलटा हिशोब करून दहांश सेकंद.

निगेटिव्ह धुऊन वाळली की खरी मजा सुरू होते. ती एन्लार्जरमध्ये घालायची आणि तीच लेन्स परत तिच्या मूळ जागी फिरवायची. एकास एकची निगेटिव्ह आठपट मोठी झाली की सेंटिमीटरभराची अळी कागदावर आठ सेंटिमीटरची होते. एकाच काचेनं आधी फूल पाहिलं, मग कागद. असा एक प्रिंट ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, डोमकळीचा बाहेरचा आणि आतला फोटो शेजारी शेजारी लावून टांगला तर ओळखायला शिकवण्यासाठी दुसरं फारसं काही लागणार नाही.

काळ्यापांढऱ्या फिल्मवर काम करताना फिल्टरचाही उपयोग होतो. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी दुधाळ असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. हिरवा फिल्टर लावला की गुलाबी गडद पडतो आणि कालचं फूल, आजचं फूल एका नजरेत वेगळं होतं. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांसारख्या रसशोषक किडी पानाच्या खालच्या बाजूला असतात. मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या. पान उलटं करून सपाट दाबून ठेवलं की ही सपाटाची सवय असलेली लेन्स आपलं पूर्ण बळ दाखवते. शिरेपासून कडेपर्यंत प्रत्येक लव उभी दिसते.

कात टाकणारी अळी, डोळे उघडणारं फळ

बीडमध्ये एक अळी शत्रू आहे तर दुसरी पोशिंदी. तुतीची लागवड आणि रेशीम कोष यांत बीड आज राज्यातल्या आघाडीच्या जिल्ह्यांत आहे. अंड्यातून निघालेली रेशीमअळी जेमतेम तीन मिलिमीटरची, काळसर आणि केसाळ असते. साधारण पंचवीस दिवसांत ती बोटाएवढी होते, तिचं वजन दहा हजारपटींच्या आसपास वाढतं. या काळात ती चार वेळा कात टाकते. कात टाकण्याआधी ती खाणं थांबवते, डोकं वर उचलते आणि बराच वेळ तशीच निश्चल राहते. क्लोजअप छायाचित्रकाराला यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक मिळणार नाही. एक-दोन सेकंदांचं एक्स्पोजरही ती निभावते. बाल्यावस्थेपासून, अळी फ्रेममध्ये मावेल तोवर, प्रत्येक अवस्थेची एकास एक निगेटिव्ह काढून एका पट्टीत कॉन्टॅक्ट प्रिंट केला, तर वाढीचं खरं माप कागदावर मिळतं. फिल्मवर जेवढी, तेवढीच प्रत्यक्षात. नवख्या रेशीम उत्पादकाला आपल्या बेडवरच्या अळ्या वयाच्या मानानं मागे आहेत का, हे त्या पट्टीशेजारी अळी ठेवून बघता येईल.

बालाघाटाच्या डोंगररांगेतलं सीताफळ ही जिल्ह्याची दुसरी ओळख. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे आणि धारूर-६ हे वाण तिथलंच. फळ तोडणीला आलं की त्याचे डोळे उघडतात, म्हणजे दोन डोळ्यांमधली खाच रुंदावते आणि तिच्यात पिवळसर पांढरा रंग दिसू लागतो. पिठ्या ढेकूण नेमका याच खाचेत दडून बसतो. बाजारात फळाचा भाव पाडणारी ही पांढरी भुकटी जवळून पाहिली की तिच्यात मेणाचे तंतू दिसतात. ते तंतू समजले की नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं तो का धुऊन जात नाही हेही समजतं. सीताफळ गोल आहे, सपाट नाही. इथे लेन्सची परीक्षा असते. पूर्ण फळ स्पष्ट आणायचा हट्ट सोडून एक डोळा, एक खाच, एवढंच निवडलं तर फोटो बोलतो.

वटाण्याचं रोप आणि लोखंडी जाळ्या

बारीक गोष्टीकडे कॅमेरा वळवण्याची परंपरा आपल्याकडे चांगली जुनी आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले तेव्हा त्यांनी पहिली फिल्म केली ती कुंडीतल्या वटाण्याच्या अंकुराची. अनेक दिवस थोड्या थोड्या अंतरानं फ्रेम घेत त्यांनी रोप डोळ्यांदेखत वाढवून दाखवलं. ‘अंकुराची वाढ’ पाहून भांडवल उभं राहिलं आणि मगच ३ मे १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. मराठी माणसाच्या सिनेमाची सुरुवात एका दाण्याजवळ कॅमेरा नेऊन झाली, हे बी-बियाण्यांच्या या मुलखात जास्त आठवायला हवं.

तिकडे बर्लिनमध्ये कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२) हे कलाशिक्षक होते. घरी बनवलेल्या कॅमेऱ्यांनी त्यांनी वनस्पतींचे कोंब, काटे, बोंडं तीसपटीपर्यंत मोठी करून टिपली. हेतू होता विद्यार्थ्यांना शिकवण्याचा. लोखंडी जाळ्या, खांब, नक्षी यांचे आकार निसर्गात आधीच कसे घडलेले आहेत ते त्यांना दाखवायचं होतं. १९२८ साली त्यांचं पुस्तक निघालं आणि वर्गातल्या त्या तक्त्यांना जग कलाकृती म्हणू लागलं. महाग यंत्र नव्हतं, खोलीतला उजेड होता, आणि एकच काम वर्षानुवर्षं करत राहण्याची चिकाटी होती. आपल्याकडची बाभळीची शेंग, तरवडाचं फूल, गोखरूचा काटा, तुरीच्या शेंगेवरची लव यांची अशी एक मालिका व्हायला कसलीच अडचण नाही.

पासोडीचा धागा

सपाट गोष्टींसाठीच ही लेन्स घडली असेल, तर अंबाजोगाईत तिच्यासाठी एक काम थांबलेलं आहे. संतकवी दासोपंतांनी (१५५१–१६१५) आपलं ‘पंचीकरण’ कापडावर लिहिलं. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशी ती पासोडी अंबाजोगाईत जपलेली आहे. अक्षरं वाचणाऱ्यांनी ती वाचली आहेत. पण कापड म्हणून तिचं वाचन वेगळं असतं. धाग्याचा पीळ कुठल्या दिशेचा, विणीत इंचाला किती धागे, शाई धाग्यावर बसली आहे की आत मुरली आहे, बोरूची कड कुठे फाटली, कुठे एकच अक्षर दोनदा गिरवलं. हे सारं एकास एकच्या निगेटिव्हमध्ये उतरतं आणि आठपटीच्या प्रिंटमध्ये मोजता येतं.

सगळी पासोडी अशी टिपायची तर सतरा हजारांहून जास्त फ्रेम्स लागतील, आणि तशी गरजही नाही. ठरावीक अंतरावरच्या जागा निवडून, प्रत्येक जागेचा क्रमांक आणि मोजपट्टी फ्रेममध्ये घेऊन काम केलं तर आणखी पन्नास वर्षांनी कापडात काय बदललं हे तुलना करून सांगता येईल. अर्थात जपणाऱ्या मंडळींची परवानगी आणि जाणकार संवर्धकाची देखरेख ही पहिली अट. कापडाला हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, मंद आणि थंड उजेड बाजूनं, अगदी खालच्या कोनातून द्यायचा, म्हणजे विणीचे उंचसखल भाग सावलीनं दिसतात. कॅमेरा कापडाशी समांतर आहे हे पातळी लावून तपासायचं, कारण स्पष्टतेचा थर एका मिलिमीटरचा आहे.

फिल्मच का

हे सगळं मोबाइलवर, डिजिटल कॅमेऱ्यावर होत नाही का? होतं, आणि हीच लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर बसवली तरी उत्तमच काम करते. तसं करणाऱ्यानं जरूर करावं. शेतात त्या क्षणी किडीचा फोटो कृषी सहायकाला पाठवायचा असेल तर मोबाइलच योग्य. तरीही मी फिल्मचा आग्रह धरतो आणि त्याची कारणं भावनेपलीकडची आहेत.

पहिलं कारण टिकण्याचं. बंद पडलेल्या स्टुडिओंमध्ये चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या निगेटिव्ह आजही डब्यांतून निघतात आणि त्यांचा प्रिंट होतो. त्यासाठी कुठलाही पासवर्ड, कुठलंही जुनं सॉफ्टवेअर लागत नाही. शेतीच्या नोंदी आणि पासोडीसारखा वारसा यांना हाच टिकाऊपणा हवा. दुसरं कारण शिकण्याचं. नववी-दहावीतला मुलगा लेन्सचं सूत्र पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. बेलोजवर पट्टी लावून, शंभर मिलिमीटरला कापसाची सरकी फिल्मवर खरोखर तेवढीच उमटलेली त्यानं मोजली की सूत्र त्याचं होतं. उजेड चौपट का लागला, हे त्याला निगेटिव्हच्या काळेपणात दिसतं. मागची अंधारी खोली ही भौतिक आणि रसायनाची, दोन्हींची प्रयोगशाळा होती. ज्यांनी ती चालवली त्यांच्याकडे पदवी नसेल, पण डेव्हलपरचं तापमान बोटानं ओळखण्याएवढं ज्ञान होतं. ती माणसं आज सत्तरीत आहेत. त्यांना शाळेत पाहुणे म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून बोलवायला हवं.

तिसरं कारण या जिल्ह्याचं. ऊसतोडीसाठी दर वर्षी घरं बंद करून जाणारा हा जिल्हा दुष्काळाच्या आणि स्थलांतराच्या बातम्यांतूनच बाहेर दिसतो. बाहेरचे कॅमेरे इथे येतात ते भेगाळलेली जमीन आणि रिकामे हंडे टिपायला. ती चित्रं खोटी नाहीत. पण तेवढीच चित्रं उरली तर इथल्या माणसांचं ज्ञान दिसत नाही. पीळ पाहून डोमकळी ओळखणारी नजर, फळाचे डोळे पाहून तोडणीचा दिवस ठरवणारा हात, अळीनं मान वर केली की पाला थांबवणारी रेशीम उत्पादक बाई. हे ज्ञान बारीक गोष्टींत आहे, म्हणून ते जवळ जाऊनच टिपावं लागतं.

काय करता येईल

ज्यांच्या घरी, दुकानात, माळ्यावर एन्लार्जर असेल त्यांनी तो विकायच्या आधी लेन्स हातानं डावीकडे फिरवून काढून घ्यावी. दोन मिनिटांचं काम आहे. ती कोरड्या कापडात, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी. लेन्स बसवायची मूळ रिंगही टाकू नये, लेथवर दुसरी करून घेताना मापाला तीच उपयोगी पडते.

आणि संस्थांसाठी एक साधा प्रस्ताव. अंबाजोगाईत कृषी महाविद्यालय आहे, सीताफळ संशोधन केंद्र आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे. या तिघांनी मिळून एक छोटी अंधारी खोली उभारावी. जुना फिल्म कॅमेरा, एक बेलोज, ५० आणि ७५ मिलिमीटरच्या दोन एन्लार्जर लेन्स, एक एन्लार्जर, तीन ट्रे. यांतलं बहुतेक सामान जिल्ह्यातल्याच बंद स्टुडिओंमध्ये आज धूळ खात आहे. पहिल्या खरिपात कपाशीच्या किडींचा तक्ता करावा, दुसऱ्या वर्षी रेशीमअळीचा, तिसऱ्या वर्षी सीताफळाचा. तक्ते गावोगावच्या सोसायटीत, शाळेत, कोष बाजारात लावावेत, आणि प्रत्येक तक्त्याखाली फोटो काढणाऱ्या विद्यार्थ्याचं आणि कीड दाखवणाऱ्या शेतकऱ्याचं अशी दोघांचीही नावं छापावीत. जून उजाडेल तेव्हा पेरणी होईल, ऑगस्टमध्ये फुलोरा येईल. तयारीला दिवाळीपासूनचे महिने पुरेसे आहेत.